'हो' म्हणून थांबणाऱ्या मगदूम मॅडम

मगदूम मॅडमना काहीही विचारा, त्या आधी 'हो' किंवा 'नाही' म्हणायच्या. मग थांबायच्या. मग उरलेलं सांगायच्या. मधलं थांबणं एवढं लांब असायचं की समोरचा माणूस तोवर आपलं मत करून निघून गेलेला असायचा. या सवयीपायी त्यांच्या सासूबाईंचे डोळे कायमचे जायची वेळ आली होती.

मी सांगलीच्या एका मेडिकल कॉलेजात शिपाई होते. शाळा चौथीपर्यंत, तीही माण तालुक्यातल्या माहेरी. आमचा विभाग शरीर कसं चालतं ते शिकवणारा. मॅडम तिथं प्रोफेसर. अंगानं बारीक, सुती साडी, पायात रबरी चप्पल. जैन घरातल्या, त्यामुळे कांदा-लसूण नाही आणि दिवस मावळल्यावर खाणं नाही. विभागाच्या नळालाही त्यांनी फडकं बांधलं होतं. पाणी गाळल्याशिवाय त्या चूळसुद्धा भरत नसत.

आणि अशा बाईला रोज बोकडाचे डोळे लागायचे.

ते आणायचं काम माझं. मटण मार्केटात दस्तगीरभाईंचं दुकान होतं. कापलेल्या बोकडाचे डोळे ते बाजूला ठेवायचे, मी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायचे. आमच्याकडे थर्मास दोन. एकात मॅडमचं उकळलेलं पाणी, दुसऱ्यात डोळे. डोळ्यांच्या थर्मासला लाल दोरा बांधलेला. एक नवीन मास्तर चहा असेल म्हणून लाल दोऱ्याचा थर्मास उघडून बसला. त्यानंतर त्यानं विभागात चहा घेतला नाही.

डोळ्यात एक भिंग असतं. पोरांच्या गोटीएवढं, काचेसारखं स्वच्छ. मॅडम ते अलगद काढून वाटीत ठेवायच्या. एका वाटीत साधं औषधी पाणी, एकात साखरेचं, एकात धुराचं. धुराचं पाणी म्हणजे ज्याच्यातून लाकडाचा आणि तुरकाठ्यांचा धूर नळीनं ओढला ते पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साखरेतलं आणि धुरातलं भिंग साबुदाण्यासारखं पांढरं व्हायला लागायचं. मग त्याच्याखाली चौकटीचा कागद सरकवायचा आणि भिंगातून किती चौकटी दिसतात ते मोजायचं. चौकटी दिसेनाशा झाल्या की मोतीबिंदू पुरा झाला.

"एवढा खटाटोप कशापायी?" मी एकदा विचारलं.

"हौसाबाई, तुमच्या आईच्या डोळ्यात मोतीबिंदू होता?"

"व्हता की. आमच्याकडं समद्याच म्हाताऱ्यांना व्हतो."

"चूल कुणाकुणाच्या घरी होती?"

चूल सगळ्यांचीच होती. मॅडम वाटीकडे वळल्या.

त्यांचा एक नियम होता. आपल्यासाठी म्हणून बोकड कापायचा नाही. कापलेल्याचे, फेकून देणार तेच डोळे घ्यायचे. एकदा आम्हाला लवकर निघायचं होतं म्हणून दस्तगीरभाईंनी माणुसकी केली. मी गेले तर डोळे तयार. म्हणाले, "मॅडमला सांगा, आज त्यांच्यासाठी सकाळीच उरकलं." मी येऊन तसंच सांगितलं. मॅडमनी थर्मास उघडलाच नाही.

"परत द्या."

"आवं, त्यो आता काय जित्ता व्हनार हाय?"

"नाही." थांबल्या. "पण त्याची आजची सकाळ माझ्यामुळं गेली."

मी डोळे परत नेऊन दिले. दस्तगीरभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! हौसाबाई, त्यो दुपारी जानारच व्हता की. मॅडम येवढ्या शिकल्याल्या, त्यांना कुनी सांगितलं न्हाय का?" त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटलं, अजूनही वाटतं. पण त्या दिवशी काम झालं नाही, आणि दस्तगीरभाईंनी पुन्हा घाई केली नाही.

मॅडम घरी गेल्या की दाराबाहेर बादली भरून ठेवलेली असायची. ती सासूबाईंची, म्हणजे अव्वांची व्यवस्था. बोकडाच्या डोळ्यांना हात लावून आलेल्या सुनेनं मागच्या दारच्या मोरीत अंघोळ करूनच घरात यायचं. पण काम सोड असं अव्वा कधी म्हणाल्या नाहीत. मला म्हणाल्या होत्या, "मेल्याल्याचं घेती, मारत न्हाई. मग मी का बोलू?"

अव्वा जुन्या वळणाच्या. मॅडमच्या लग्नात त्यांनी भर मांडवात नवरीच्या शालूचा एक दोरा काढून दिव्यावर धरला होता. रेशीम किड्यांना मारून काढतात, ते त्यांच्या घरात चालत नव्हतं. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. दोरा सुताचा निघाला तेव्हाच लग्न लागलं. मॅडम हे सांगताना हसत नसत आणि रागावतही नसत. "तपासून घेतलं," एवढंच म्हणायच्या.

या अव्वांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. जन्मभर चुलीपुढं बसलेली बाई. सून कॉलेजात वाटीत भिंगं पांढरी करायची आणि घरी सासूची भिंगं आपोआप पांढरी होत होती. ऑपरेशनचं ठरत होतं, पण अव्वांचं आज-उद्या चाललेलं.

त्याच सुमाराला मॅडमनी पोरांच्या छातीचं काम काढलं. चुलीच्या धुरानं आयांचे डोळे जातात, तर शेजारी बसलेल्या पोरांच्या श्वासाचं काय होतं, असा त्यांचा प्रश्न. आम्ही जतकडच्या एका गावात शाळेत गेलो. एक नळी असते. पोरानं छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात नळीत फुंकायचं. काटा पुढं सरकतो. तीनदा फुंकायचं, सगळ्यात पुढं गेलेला काटा धरायचा. पोरं सुईच्या भीतीनं पळायची, त्यांना धरून आणायला मी. काही पोरं घरी कानडी बोलणारी. मॅडम त्यांच्यासाठी 'ऊदु, ऊदु', म्हणजे फुंक, फुंक, म्हणायला शिकल्या होत्या.

मुलांचा काटा भराभर पुढं जायचा. मुलींचा मागंच राहायचा. विभागाचे मोठे सर आकडे बघून खूश झाले. "मॅडम, मुली आईजवळ चुलीपाशी असतात. धुराचा परिणाम अगदी स्पष्ट दिसतोय. लिहून टाका."

"नाही," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं बोलेपर्यंत सर उठून गेले होते.

आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो. मल्लव्वा म्हणून एक चुणचुणीत पोरगी होती, धावण्यात पोरांना मागं टाकणारी. तिचाही काटा मागंच. मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या आणि तिचं फुंकणं बघत राहिल्या. पोरगी ओठांचा चंबू करून लांबलचक, हळूहळू फुंकत होती.

"घरी चूल कोण पेटवतं गं?"

"म्या."

"अशीच फुंकतेस?"

"व्हय. जोरात फुकलं तर राख उडती, भाकरीवर बसती, आय मारती."

मॅडमनी मग सगळ्या मुलींना एकेक करून विचारलं. सगळ्यांचं तेच. फुंकणीत कसं फुंकायचं ते प्रत्येकीला आईनं शिकवलं होतं, आणि नळी बघितली की त्या फुंकणीसारखंच फुंकत होत्या.

मोठ्या सरांना हे आवडलं नाही. या कामावरचा निबंध छापायला पाठवायचा होता, त्यांचंही नाव त्यात होतं. "अहो मॅडम, आकडे कमी आले हे तर खरं ना?"

"हो." थांबल्या. या वेळी सर थांबले, कारण मॅडम दारात उभ्या होत्या. "पण ते धुराचे नाहीत. आईच्या धाकाचे आहेत."

मुलींचं सगळं काम त्यांनी बाद केलं. पुढच्या खेपेला तळहातावर ज्वारीचा कोंडा घेऊन गेल्या. एका फुंकीत जिचा कोंडा उडेल ती जिंकली. पोरी खिदळायला लागल्या, वर्गभर कोंडा झाला, झाडून मला काढावा लागला. मग काटे पुढं सरकले. पुढं काय निघालं ते मला नीट समजलं नाही. "आधी वाटलं तेवढं नाही, पण काहीतरी आहे," असं त्या म्हणाल्या. ज्याच्यासाठी एवढी धडपड केली त्याबद्दल त्या एवढंच बोलल्या.

आता अव्वांचं.

अव्वांच्या गल्लीतल्या बस्तीच्या हॉलमध्ये, म्हणजे जैन मंदिराच्या हॉलमध्ये, डोळ्यांचं शिबिर ठरलं. तपासणी तिथं, ऑपरेशन नंतर हॉस्पिटलात. मॅडमनीच ठरवून घेतलं होतं, म्हणजे अव्वांच्या जोडीला शेजारचीही म्हातारी माणसं येतील आणि अव्वा तयार होतील. पण शिबिराच्या आधी कुणीतरी मोबाइलवर टाकलं, की कॉलेजात रोज बोकडाचे डोळे जातात. ते खरंच होतं. ऑपरेशनमध्ये जुनं भिंग काढून नवं बसवतात हेही सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. बोकडाचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवतात.

शिबिराच्या दिवशी मी खुर्च्या लावायला गेले होते. म्हातारी माणसं आली, पण तपासायला कुणी बसेना. शेवटी बाबूअण्णा म्हणून गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ उठले.

"सूनबाई, एकच सांगा. तुमी कालेजात बोकडाचे डोळे नेता का न्हाई?"

"हो," मॅडम म्हणाल्या. आणि थांबल्या.

मला पुढचं दिसत होतं. मी मागून ओरडले, "आवं ते निस्तं बघायला! मान्साला न्हाई बसवत!" पण थर्मास वाहणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? खुर्च्या सरकल्या, म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून निघाल्या. मॅडम बोलायला लागल्या तेव्हा हॉलमध्ये डोळ्यांचे डॉक्टर, मी आणि पायऱ्या उतरायला घाबरणाऱ्या दोन बायका उरलो होतो. अव्वाही मुलाचा हात धरून गेल्या.

मी रागावले. "मॅडम, आधी न्हाई म्हनायचं, मग काय ते सांगायचं! काय बिघडलं असतं?"

"त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर 'हो' होतं."



नंतर मी अव्वांकडं गेले, म्हटलं आपण समजावू. अव्वा ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात सूप, सुपात ज्वारी. हात फिरत होता, पण काही दिसत नव्हतं. हेच त्यांचं खरं दुखणं होतं. धान्यात किडा असला आणि तो आपल्या हातून दळला गेला, तर त्याचं पाप कुणाचं? त्यामुळे आपल्या नजरेनं निवडलेलंच खायचं. दुसऱ्याच्या नजरेचा त्यांना भरवसा नव्हता. आधी त्यांनी पालेभाजी सोडली, मग डाळी, मग भाकरी. दूध आणि केळ्यावर आल्या होत्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"अव्वा, आपरेशन करा. लोक कायबी बोलत्यात."

"लोकांचं न्हाई ऐकत मी. सुनेचं ऐकलं. आमची सून खोटं बोलत न्हाई."

"आवं, ती पुढं सांगनार व्हती की."

"पुढचं म्या ऐकलं न्हाई, घरी सांगाया लागली तवाबी कान झाकलं. ऐकल्यालं तेवढं खरं हाय का न्हाई?" मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, "हौसा, किडा दिसत न्हाई म्हनून मी जेवन सोडलं. आन् आता बोकडाचा डोळा लावून किडं बघू? त्यापरीस अशीच जाईन."

मी परत आले. मॅडमचे मालक शाळामास्तर, शांत माणूस. ते म्हणाले, बोकडाचं काम काही दिवस बंद ठेव. मोठे सर तेच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "मी बंद केलं तर त्यांना वाटेल की ते खरंच होतं." आणि लाल दोऱ्याचा थर्मास माझ्या हातात दिला.

असे बरेच दिवस गेले. अव्वा सुकत चालल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता फार थांबलात तर भिंग आत फुटेल, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही.

एका रविवारी दुपारी मॅडमनी मला घरी बोलावलं. मुदत संपलेलं एक नवं भिंग त्यांनी डॉक्टरांकडून मागून आणलं होतं. मागच्या अंगणात पाणी तापवायची चूल होती, ती मला पेटवायला लावली. अव्वांना चुलीपुढं पाटावर बसवलं. भिंग अव्वांच्या तळहातावर ठेवलं. एवढंसं, भाताच्या शितासारखं हलकं, दोन्ही बाजूंना केसासारखे दोन पाय.

"अव्वा, डोळ्यात हे बसवतात. माझ्या लग्नात दोरा जाळला होता, तसं हे जाळून बघा."

अव्वा बराच वेळ ते बोटांनी चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "चिमटा आन."

चिमट्यात धरून त्यांनी स्वतः ते निखाऱ्यावर धरलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हाताला चुलीची सवय होती. ते वळलं, वितळलं. अव्वांनी नाक पुढं केलं.

"बांगडी जळल्यावानी वास येतोय."

"प्लास्टिक आहे," मॅडम म्हणाल्या.

"मांसाचा न्हाई."

"नाही."

मला वाटलं, झालं. पण अव्वा काही साध्या नव्हत्या. "हे तू आनलंस. माझ्या डोळ्यात ह्येच घालनार कशावरनं?"

आता मॅडमनी नुसतं 'हो, हेच घालतात' म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडं बघून मान हलवत होते, हात जोडत होते.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी ऑपरेशनला नसते."

चुलीत लाकूड फुटलं. मला उठून जावंसं वाटलं. मॅडम पुढचं काही बोलायच्या आत, म्हणजे त्यांच्या त्या थांबण्यातच, अव्वा बोलल्या.

"मग ऱ्हा तिथं. हुबी ऱ्हा. डब्यातनं काढल्यापास्नं माझ्या डोळ्यात जाईस्तवर नजर हलवू नगंस. आन् मला सांग. तू सांगशील त्ये मी मानीन."

"हो," मॅडम म्हणाल्या. या 'हो'पुढं काही नव्हतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली. मॅडम हिरवा झगा आणि तोंडाला फडकं लावून ऑपरेशनच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मी बाहेर बाकावर. अव्वांना बाहेर आणलं तेव्हा एका डोळ्यावर पट्टी, दुसरा पांढरा. त्यांनी आधी हात पुढं केला आणि मॅडमचं मनगट धरलं.

"काय घातलं गं?"

"प्लास्टिकचं भिंग. बंद डब्यातलं. डबा माझ्यासमोर फोडला. मी नजर हलवली नाही."

"बरं." अव्वांनी हात सोडला. "भूक लागली."

दिवस मावळायला थोडा अवकाश होता. मॅडमनी घाईनं डबा उघडला. निवडलेलं कुणी, अव्वांनी विचारलं नाही.

पुढं दुसरा डोळाही झाला. अव्वा पुन्हा सूप घेऊन बसायला लागल्या, आणि बाबूअण्णांपासून सगळ्या गल्लीनं एकेक करून डोळे करून घेतले. अव्वांनी प्रत्येकाला चुलीवरचा वास समजावून सांगितला होता. मॅडमना त्यासाठी कुणी काही म्हटलं नाही. त्यांनाही कुणी म्हणावं असं वाटलेलं दिसलं नाही.

मी निवृत्त झाले. माझ्यानंतर मॅडमही झाल्या. अव्वा भरपूर जगून, जेवून-खाऊन गेल्या. यंदा माझाच उजवा डोळा करायची वेळ आली. मॅडमना कुठून कळलं कोण जाणे, पट्टी काढायच्या दिवशी बाकावर येऊन बसल्या होत्या. हातात पाण्याचा थर्मास.

नर्सनं पट्टी काढली. भिंतीवरचे ओघळ, नर्सच्या नाकातली चमकी, सगळं लख्ख. मी गमतीनं विचारलं, "मॅडम, मला काय घातलंय वो? बोकडाचं तर न्हाई?"

"माहीत नाही. मी आत नव्हते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. रिक्षापर्यंत मला सोडायला आल्या. उन्हात त्यांनी माझ्याकडं तोंड केलं तेव्हा मी नव्या डोळ्यानं त्यांना नीट पाहिलं. केस पांढरे झालेले, तीच सुती साडी, तीच चप्पल. आणि डाव्या डोळ्याच्या बाहुलीत वाटीतल्यासारखी पांढरी छटा.

"मॅडम, तुमच्या डोळ्यात आलंय."

"हो," त्या म्हणाल्या.

मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं. या वेळी पुढचं ऐकल्याशिवाय मला जायचं नव्हतं.

"रोज सकाळी चौकटीचा कागद धरून बघते," त्या म्हणाल्या. "अजून मोजता येतात."

मग वळल्या आणि रस्त्याच्या कडेकडेनं, हात भिंतीला न लावता, चालत गेल्या.